त्या सभेत वायसर जास्त पडले

मित्रांनो, मतपेटी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे निवडणुकीच्या दिवशी शाळेत येणारी पत्र्याची नाहीतर प्लास्टिकची पेटी येत असेल. मी त्यांतली नव्हे. मी बिडाची आहे. बीड म्हणजे ओतलेले लोखंड. मला उचलायला दोन माणसे लागतात आणि उचलताना दोघेही माझ्या नावाने बोटे मोडतात. कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात ओतकाम कामगारांची एक सहकारी फाउंड्री आहे. सगळे तिला नुसते सोसायटी म्हणतात. तिथल्या सभेच्या शेडमध्ये, खिडकीखालच्या कट्ट्यावर माझे सगळे आयुष्य गेले. लोक मला म्हातारी म्हणतात. मला काही तसे वाटत नाही, कारण बिडाला वय फारसे कळत नाही. पण जे घडले ते एकदा कुणाला तरी सांगून टाकावे, असे अलीकडे फार वाटू लागले आहे.

माझा जन्म एका भांडणातून झाला. एका मालकाने आपली फाउंड्री बंद केली, तेव्हा तिथल्या कामगारांनी रडत बसण्यापेक्षा स्वतःचीच फाउंड्री काढायचे ठरवले. कुणी बायकोच्या अंगावरचे सोने मोडले, कुणी म्हैस विकली, आणि उचगावच्या माळावर शेड उभी राहिली. भट्टी पेटली. आता पहिला रस कशात ओतायचा? कुणी म्हणाले, गणपती ओतू. कुणी म्हणाले, शाहू महाराज. कुणी म्हणाले, बाबासाहेब. कोल्हापूरकरांचे साधे बोलणेसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते. इथे तर खरोखरच जुंपली होती. रस तापून लाल झाला तरी यांचे काही ठरेना. तेव्हा केरबा कांबळे नावाचा मोल्डर, म्हणजे साचे पाडणारा कामगार, ओरडला, "आरं, आदी पेटी वता की! मतं टाकाय पेटीच न्हाय, तर ह्येचा निकाल लावणार कसा?"

सगळे हसले. मग एका लाकडी खोक्यावरून घाईघाईत साचा पाडला गेला आणि मी जन्माला आले. घाईच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. डाव्या कुशीला वाळू चिकटल्याचा खडबडीत डाग आहे. निकाल लावण्यासाठी मला ओतले खरे, पण त्या दिवशी निकाल काही लागला नाही. तिन्ही बाजूंना सारखीच माणसे निघाली. शेवटी चहा झाला आणि सगळ्यांनी मुकाट्याने पंपाचे कवच ओतायला घेतले.

आमच्याकडे मत द्यायची एक निराळीच रीत होती. सुरुवातीच्या सभासदांत अर्ध्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. चिठ्ठ्या कोण वाचणार? म्हणून केरबाने सुचवले की प्रत्येकाला एक नट आणि एक वायसर द्यायचा. नट म्हणजे होय. वायसर, म्हणजे नटाखाली बसते ती चपटी चकती, म्हणजे नको. सभासदाने पडद्याआड यायचे, दोन्हींतले एक माझ्या तोंडात टाकायचे आणि उरलेले शेजारच्या वाळूच्या पिंपात दाबायचे. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून माझ्या तळाला पोत्याचा जाड तुकडा अंथरलेला असे. बाहेर कुणाला काही कळत नसे, पण मला आतल्या आत कळायचे. नट जड, तो आपला एकदम येऊन बसतो. वायसर जरा रेंगाळतो, भिंतीला टेकतो, गिरकी घेतो आणि मग आडवा होतो. मला दोन्ही सारखेच प्रिय होते.

मोजणी झाली की नट आणि वायसर पुन्हा स्टोअरमध्ये जात. माल आहे, वाया का घालवायचा, असा सरळ हिशेब होता. त्यामुळे उचगावच्या लोकांची कितीतरी मते आज कुठेकुठे पंपांत बसून पाणी ओढत असतील. मला याचे फार कौतुक वाटे. मत म्हणजे बोलून विरून जाणारी गोष्ट नाही, ती कुठेतरी जाऊन घट्ट बसते, असा माझा समज होता.

माझी उमेदीची वर्षे फार चांगली गेली. कॅन्टीन हवे का, ते माझ्यात ठरले. रिटायर झालेल्यांना दरमहा काही द्यायचे का, तेही माझ्यात ठरले. मोठे वादळी मतदान झाले ते कोअर शॉपच्या बायकांचे. पोकळ वस्तू ओतायची तर साच्याच्या पोटात वाळूचा गाभा ठेवावा लागतो. त्याला कारखान्यात कोअर म्हणतात. ते नाजूक काम आमच्याकडे बायकाच करत, पण त्या रोजंदारीवर होत्या. त्यांना सभासद करून घ्यायचे की नाही, यावर पुरुषांनी मते टाकली. फार थोड्या फरकाने नट जास्त भरले. पुढच्या सभेत आक्काताई पहिल्यांदा माझ्यापुढे आली. तेव्हा ती नुकती लग्न होऊन उचगावात आलेली होती. हाताला वाळू लागलेली, पदर कमरेला खोचलेला. विषय होता अध्यक्षांचे मानधन वाढवण्याचा. ज्या अध्यक्षांच्या खटपटीने सभासद झाली, त्यांच्याच विरुद्ध तिने वायसर टाकला आणि हसत बाहेर गेली. मला ती त्या दिवसापासून आवडते.

लांबून लांबून लोक मला बघायला येत. सहकाराचा अभ्यास करणारी कॉलेजची मुले माझा फोटो काढत. एका पाहुण्याने तर माझ्या डोक्यावर हात ठेवून भाषण केले. मीही मनातून फुगले होते, खोटे कशाला बोलू?

मग मोठ्या भट्टीचा विषय आला. ट्रॅक्टरचे भाग बनवणारी एक कंपनी मोठे काम देणार होती. त्यासाठी विजेवर चालणारी नवी भट्टी हवी होती, आणि भट्टीसाठी कर्ज. सभेत टाळ्या पडल्या आणि माझ्यात जवळजवळ सगळे नटच पडले. भट्टी आली. दोन वर्षे बरी गेली. पुढे त्या कंपनीने आपले काम दुसऱ्या राज्यात हलवले, विजेचे दर चढत गेले, आणि भट्टीचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभा राहू लागला. कर्ज फेडायला कर्ज काढले गेले. पगार लांबू लागले. जे काम आले ते ओतायचे, जे पैसे येतील ते भरायचे, असे दिवस आले.

या दिवसांत अध्यक्ष झाला तो प्रसेनजीत, केरबाचा मुलगा. केरबा तोवर गेला होता. प्रसेनजीत शिकलेला, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारा आणि स्वभावाने सरळ. इतका सरळ, की असल्या खुर्चीवर बसवताना माणसाने दोनदा विचार करावा. शाहूपुरीतल्या एका मोठ्या वित्तसंस्थेने सोसायटीला सावरायची तयारी दाखवली, तेव्हा त्याला फार आनंद झाला. जुनी सगळी देणी ती संस्था भागवणार होती आणि पुढे चालवायला पैसेही देणार होती. त्यासाठी अटी होत्या. त्या त्याने शेडमध्ये उभा राहून वाचून दाखवल्या. कॅन्टीन बंद. रिटायर लोकांना मिळणारी रक्कम बंद. आणि कोअर शॉप बंद. कोअर बाहेरून विकत आणायचे, कारण ते स्वस्त पडते.

बायका एका बाजूला बसल्या होत्या.

भाऊसो उठला. हा भट्टीवरचा जुना माणूस, आतून मऊ, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, "मी खरं बोलतो, राग आला तर येऊ द्या. भट्टी चालली तर शेड ऱ्हाईल. शेड ऱ्हायली तर उद्या बायकास्नी परत घेता येईल. शेडच गेली तर कुणाला कुठं घेणार हायसा?"

आक्काताई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आमास्नी भाईर काढून मग शेड कुणाची म्हणायची ओ भाऊसो?"

यावर गोंधळ उडाला. शेवटी प्रसेनजीतने हात वर केले. तो म्हणाला, "गप्प बसा समदी. ह्यो निर्णय मी एकटा घेणार न्हाय. पेटी काय म्हणंल ते मी ऐकणार. पेटी नको म्हणाली, तर मी सही करणार न्हाय. माझ्या बापानं वतलेली पेटी हाय, तिच्यापुढं सांगतो." सगळी शेड टाळ्यांनी दणाणली. मित्रांनो, त्या क्षणी माझ्याएवढी सुखी वस्तू साऱ्या कोल्हापुरात नसेल.

मतदान झाले. एकेक जण पडद्याआड येत होता. भाऊसोने नट टाकला, मी त्याला दोष देत नाही. एका म्हाताऱ्याने तर नट आणि वायसर दोन्ही माझ्या तोंडाशी धरून बराच वेळ नुसता श्वास घेतला. आक्काताईने मुठीतला वायसर आधी कपाळाला लावला आणि मग सोडला. संध्याकाळी मला उलटे केले. मोजणी दोनदा झाली. वायसर जास्त पडले होते. थोडेथोडके नव्हे, चांगले दणदणीत जास्त. कुणीतरी तालमीतली हलगी आणून वाजवायला सुरुवात केली. कोअर शॉपच्या बायकांनी फुगडी घातली. प्रसेनजीत माझ्याजवळ आला, दोन्ही हातांनी मला धरले आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटले, आता काम झाले. मलाही तसेच वाटले.

आमच्या सगळ्यांची चूक झाली ती इथे. आमच्याकडे पेटीने एकदा सांगितले की विषय संपत असे. ही आमच्या शेडमधली रीत होती. ती शेडच्या बाहेरही चालते, असे आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसेनजीतने वायसर पुन्हा माझ्यात भरून मला छोट्या टेम्पोत चढवले. निकाल नुसता तोंडी कशाला सांगायचा, पेटीच नेऊन दाखवू, असे त्याच्या मनात होते. टेम्पो भाऊसो चालवत होता. त्याचे मत निराळे होते, पण सोसायटीचा निकाल म्हटल्यावर तोही निमूटपणे निघाला. मी पहिल्यांदाच गाव सोडून शहरात चालले होते. वाटेत भाऊसोला ओळखीची माणसे हाका मारत होती आणि तो ओरडून सांगत होता, "पेटी घिऊन चाललोय, पेटी!"

शाहूपुरीतल्या त्या इमारतीत मला लिफ्टने वर नेले आणि काचेच्या टेबलावर ठेवले. काच करकरली. समोर मैथिली नावाच्या अधिकारी बाई बसल्या होत्या. वयाने लहान, बोलायला मऊ. त्यांनी चहा मागवला. वायसर काढून टेबलावर ओतले तेव्हा त्यांनी एक उचलून हातात घेतला आणि खरोखर आस्थेने विचारले, "हे इतकी वर्षं असंच चालतं? किती छान."

प्रसेनजीत म्हणाला, "मॅडम, सभासदांनी नको म्हटलंय. अटी बदलायला लागतील. बाकी समदं मान्य हाय, व्याज वाढवा पायजे तर. पर कोअर शॉपला हात लावू नगासा. चाळीस घरं हायत."

बाईंनी वायसर हलकेच खाली ठेवला. "तुमच्या सभेचा मला आदर आहे," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा. आमच्याकडेही ठेवीदार आहेत. मास्तर आहेत, पेन्शनर आहेत, भाजी विकणाऱ्या बायका आहेत. त्यांचीही सभा झाली. त्यांनी ठरवलंय की खर्च कमी केल्याशिवाय बुडत्या संस्थेला पैसे द्यायचे नाहीत. तुमची पेटी खरी, मग त्यांची खोटी म्हणू का मी?"

प्रसेनजीत टेबलावरचे वायसर एकत्र करू लागला. मी आजवर एवढेच शिकले होते की लोक एकत्र येऊन ठरवतात ते खरे. दुसरीकडच्या लोकांनीही एकत्र येऊन ठरवले असेल आणि त्यांच्या हातात पैसे असतील, तर काय करायचे, हे मला कुणी शिकवलेच नव्हते. बाई पुढे म्हणाल्या, "निर्णय तुमचाच आहे. मी जबरदस्ती करत नाही. फक्त उशीर झाला तर अटी याच राहतील असं मला सांगता येणार नाही." चहा गार झाला. वायसर पुन्हा माझ्या पोटात भरले गेले आणि आम्ही खाली आलो.

परतताना हायवेवरच्या तावडे हॉटेलपाशी वाहने तुंबली होती. प्रसेनजीत म्हणाला, "भाऊसो, ग्रीस म्हणून एक देश हाय. काही वर्षं झाली. असाच कर्जात बुडाल्याला. देणाऱ्यांनी अटी घातल्या, तवा सरकारनं लोकांचं मत घेतलं. लोकांनी नको म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग काय? बँका बंद, मशीनमधनं पैसं मोजूनच मिळायचं. आठ-पंधरा दिवसांत त्याच सरकारनं अटी मान्य केल्या. आधीपेक्षा कडक." त्याने बाजूची काच खाली केली. "मी पेपरात वाचलं तवा टपरीवर हासलोतो. म्हटलं, कसली लेकाची माणसं! लोकांचा शब्द घ्यायचा आन पाळायचा न्हाय. लई शिव्या दिल्त्या मी."

भाऊसोने हॉर्न वाजवला आणि म्हणाला, "आख्ख्या देशाची ही गत, तिथं आपण कोण?" प्रसेनजीतने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, बोलता आले असते तर किती बरे झाले असते. पण काय बोलले असते, ते मला आजही माहीत नाही.

पुढचे दिवस वाईट होते. वीज तोडायची नोटीस आली. बँकेने खाते गोठवले, त्यामुळे पगार निघेना. तरी लोक कामावर येत होते आणि प्रसेनजीतच्या पाठीवर थाप मारून म्हणत होते, "मागं हटू नगं." या थापा त्याला किती जड जात असतील! तो कुठेकुठे हिंडला. मुंबईला जाऊन आला, एका आमदाराच्या दारात बसून आला, मलकापूरपर्यंत जाऊन एका व्यापाऱ्याचे पाय धरून आला. सगळ्यांनी त्याचे ऐकून घेतले. पैसे कुणी दिले नाहीत.

मग एका दुपारी गेटवर एक ट्रक येऊन थांबला. पंप बनवणाऱ्या आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा तो ट्रक होता. मित्रांनो, ओतायच्या वस्तूचा जो लाकडी नमुना असतो, ज्यावरून वाळूत साचा पाडतात, त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न गिऱ्हाइकाचे असतात. गिऱ्हाईक आपले पॅटर्न उचलून घेऊन गेले, की त्या फाउंड्रीला हात चोळत बसण्यापलीकडे काही उरत नाही. ट्रकबरोबर आलेला माणूस भला होता. तो म्हणाला, "अध्यक्ष, माझा नाइलाज हाय. वीज कवा जाईल सांगता येत न्हाय, आमचा माल अडकला तर आमी मरतोय. तुमचा शाहूपुरीचा कागद झाला आसंल तर दाखवा, मी मोकळा ट्रक घिऊन जातो."

हमालांनी ट्रकचे फळके पाडले. सगळी फाउंड्री काम सोडून अंगणात उभी राहिली. पहिला पॅटर्न उचलला गेला, दुसरा उचलला गेला. प्रसेनजीत सभेच्या शेडमध्ये आला. शेडमध्ये दुसरे कुणी नव्हते. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "माफ कर." मग त्याने शाहूपुरीला फोन लावला.

मैथिलीबाई तासाभरात आल्या. कागद नवा होता, आधीचा नव्हता. जुन्या सगळ्या अटी त्यात होत्याच, वर एक नवी होती. कर्ज फिटेपर्यंत सोसायटीच्या सभेने कामकाजाच्या कुठल्याही विषयावर मत घ्यायचे नाही. सभा भरेल, अहवाल वाचला जाईल, सभासद नोंद घेतील. मत मात्र घेतले जाणार नाही, अध्यक्षाच्या निवडणुकीचेसुद्धा नाही. बाईंनी ही अट वाचताना माझ्याकडे बघायचे टाळले. त्या वाईट नव्हत्या, त्यांना सांगून पाठवले होते. प्रसेनजीतने ती अट दोनदा वाचली आणि माझ्या झाकणावर कागद ठेवून सही केली, कारण शेडमध्ये टेबल नव्हते. पेनाचा दाब मला कळला. बाहेर ट्रकवरचे पॅटर्न पुन्हा उतरवले जाऊ लागले. काही माणसांनी सुटकेचा श्वास सोडला, तोही मी ऐकला.

कोअर शॉपच्या बायकांना सांगायला तो स्वतः गेला नाही, पण त्या स्वतःहूनच शेडमध्ये आल्या. त्यांच्यापुढे आक्काताई होती. मला वाटले होते, ती भांडेल. तिचा आवाज कोअर शॉपमधून भट्टीपर्यंत पोचतो. पण ती अगदी खालच्या आवाजात बोलली. "प्रसेन, सही केलीस ते चूक का बराबर, मला न्हाई कळत. ट्रक मीबी बघितला. तुझ्या जागी मी आसतो तर मीबी केली आसती आसंल. पर मला एक सांग. मग आमास्नी इचारलंस कशाला?"

प्रसेनजीत खाली मान घालून उभा राहिला. "मला वाटलं, आपण समद्यांनी मिळून नको म्हटलं तर..." एवढेच बोलून तो थांबला. बायका गेल्या. त्यांनी 'नको' म्हणून टाकलेले वायसर रीतीप्रमाणे स्टोअरमध्ये गेले, आणि त्याच महिन्यात त्याच गिऱ्हाइकाच्या पंपांना लागून बाहेरही पडले. त्या पंपांसाठी वापरलेले कोअर मात्र बाहेरून विकत आणलेले होते.

माझे काम संपले. मला कट्ट्यावरून उतरवून स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवले. माझ्यावर कुणी ग्रीसचा डबा ठेवला, कुणी जुने हातमोजे टाकले. धुळीचे मला फारसे वाटले नाही. फाउंड्रीत जन्मलेल्याला धूळ काय नवी? वाईट वाटले ते याचे, की पहिल्या वर्षी लोक येता-जाता माझ्याकडे बघत, दुसऱ्या वर्षी बघेनासे झाले. पहिल्या वार्षिक सभेत कुणीतरी उठून विचारले, "मत कवा घ्यायचं?" संस्थेतर्फे हजर असलेल्या मैथिलीबाई म्हणाल्या, "कर्ज फिटल्यावर." दुसऱ्या वर्षी कुणी विचारलेच नाही. प्रसेनजीत अध्यक्षच राहिला. निवडणूक नाही, म्हणून त्याला खुर्ची सोडताही येईना. फाउंड्री चालत होती, हप्ते जात होते. भाऊसो म्हणाला होता तसे शेड मात्र राहिली, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बायकांना परत घ्यायचा विषय कुणी काढला नाही, कारण काढायचा कुठे, तेच कुणाला माहीत नव्हते.

आणि गेल्या सप्टेंबरात, वार्षिक सभेच्या सकाळी, दोन माणसे स्टोअरमध्ये आली. त्यांनी माझ्यावरचा डबा काढला, मला ओल्या फडक्याने पुसले आणि नेहमीसारखी बोटे मोडत उचलून शेडमध्ये नेले. माझ्या मनात काय काय आले म्हणून सांगू! वाटले, कर्ज फिटले. वाटले, आता बायका परत येणार. मला समोर ठेवले, हार घातला. शेड गच्च भरली होती. कामावरून गेलेल्या बायकाही आल्या होत्या, कारण नोकरी गेली तरी त्यांचे सभासदत्व कागदावर होते.

मैथिलीबाईंनी माइक हातात घेतला. "सभासदांचा सहभाग वाढावा, अशी आमचीही इच्छा आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून यंदाची दिवाळी भेट तुमच्या मतानं ठरणार आहे. स्टीलचा डबा की छत्री. चिठ्ठीवर चित्रं छापली आहेत, एकावर खूण करा."

मला वाटले, आता लोक उठून जातील. निदान कुणीतरी ओरडेल. कोल्हापूर आहे हे, इथे माणसे नाटकाची घंटा उशिरा झाली तरी ओरडतात. पण शेडमध्ये हशा पिकला, टाळ्या पडल्या आणि रांग लागली. इतकी लांब रांग माझ्यापुढे कित्येक वर्षांत लागली नव्हती. भाऊसो डब्याचा प्रचार करत हिंडत होता. छत्रीवाले त्याला ओढून बसवत होते. लोक मनापासून हसत होते, आणि त्यांचा मला राग आला नाही. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना काही विचारले होते! प्रसेनजीत तेवढा खुर्चीतून उठला नाही.

आक्काताईची पाळी आली. केस पिकले होते. तिने चिठ्ठी उलटसुलट बघितली आणि बाईंना विचारले, "ह्ये तरी पाळणार न्हवं?"

"हो मावशी, नक्की पाळणार," बाई म्हणाल्या.

"मग छत्रीवर खूण कुठं करू दावा. आता हायवे वलांडून मंगल कार्यालयात भांडी घासाय जावं लागतंय, चालत. पावसात पार भिजून जातंय माणूस."

बाईंनी जागा दाखवली. मागे खुर्चीवर प्रसेनजीतने चष्मा काढून डोळ्यांवर हात धरला. आक्काताईने खूण केली, चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या तोंडात सोडली. कागदाला वजनच नव्हते. ती कधी तळाला पोचली, मला कळलेही नाही.

मित्रांनो, आपली कहाणी सांगून झाली की आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला विनवतो, आम्हाला जपा. मला जपायची गरज नाही. मी बिडाची आहे, तुमच्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरेन. पण उद्या कुणी तुम्हाला माझ्यासारख्या पेटीपुढे रांगेत उभे केले, तर हातातले मत टाकण्याआधी त्यांना एवढे विचारून घ्या, की आमचे उत्तर तुम्हाला कडू लागले तर तुम्ही त्याचे काय करणार आहात? आमच्या सोसायटीत हे विचारायचे सगळ्यांचेच राहून गेले. मीही विचारू शकले नाही. मला तोंड आहे, पण ते आत घेण्यापुरतेच.

छत्री जिंकली. त्या निकालावर कुणी शाहूपुरीला जाऊन बसले नाही, कुणी अट घातली नाही, गेटवर कुणाचा ट्रक आला नाही. आजवर माझ्यात पडलेल्या मतांपैकी इतके तंतोतंत पाळलेले दुसरे मत मला आठवत नाही. छत्र्या दिवाळीच्या तोंडावर वाटल्या गेल्या. पाऊस तोवर संपला होता. आक्काताईने आपली छत्री गेटवर उन्हातच उघडून बघितली, तिच्यावर छापलेले सोसायटीचे नाव वाचले, मग ती मिटून काखेत मारली आणि हायवेकडे चालू लागली.